पालथ्या सायकलींचं दुकान

आमच्या ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, या माणसाला मुलगी देऊ नका, एखादी सायकल द्या. ती निदान ऐकून तरी घेईल. पण मी धाकटी, मला कोण विचारतंय! ताईला नवरा मिळाला आणि मला जन्माचा शेजारी. भावजींच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचे मध्ये प्लायवूडची फळी घालून दोन भाग केलेत. पलीकडे ते, अलीकडे मी आणि माझं शिलाई मशीन. फळी छतापर्यंत पोचत नाही आणि मधल्या दाराला नुसता पडदा आहे, त्यामुळे ते जे जे बोलतात ते सगळं माझ्या कानावर आदळतं. लोकांच्या पँटी आखूड करता करता मी या माणसाची जितकी भाषणं ऐकलीत, तितकी ताईनेही ऐकली नसतील. ती वरच्या मजल्यावर राहते, मिक्सर लावते आणि सुटते.

भाषणाला विषय लागत नाही, सायकल लागते. आणि सायकल दुकानात आली की तिचं काहीही दुखत असो, भावजी आधी तिला पालथी घालतात. पंक्चर असो, चेन उतरलेली असो, घंटी वाजत नसो, गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत सीट आणि हँडल फरशीवर, चाकं वर. "सायकल पालथी घातल्याशिवाय खरं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा एक बाई नुसता पत्ता विचारायला थांबल्या होत्या. पत्ता कळेपर्यंत त्यांच्याही सायकलची चाकं वर झालेली होती.

फरशीचीही एक कथा आहे. ती भावजी दर वर्षी स्वतः लाल रंगाने रंगवतात. डब्यातला तयार रंग म्हणजे लोकांना लुबाडायचा धंदा, असं त्यांचं मत असल्यामुळे रंगही ते स्वतःच कालवतात, आणि तो कधीच नीट बसत नाही. मग पालथ्या घातलेल्या प्रत्येक सीटला तो लागतो आणि सीटवरून बसणाऱ्याला लागतो. रस्त्यात कुणाच्या बुडावर लाल डाग दिसला की समजावं, स्वारी आमच्या भावजींकडून आलेली आहे. ती मंडळी पँट घेऊन पडद्याच्या अलीकडे माझ्याकडे येतात आणि मला जाब विचारतात, जसा काही रंग मीच कालवला. "भावजी, निदान खाली पोतं तरी अंथरा," असं मी किती वेळा सांगितलं. पोत्यावर सायकल डगमगते म्हणे. पालथ्या घड्यावर पाणी.

असा हा माणूस. त्यात बाजारात तेलाचे ब्रेक आले.

आता मला यातलं जे कळतं ते सगळं पडद्याआडून कळलेलं आहे, तेव्हा चूकभूल पोटात घाला. जुन्या ब्रेकला वायर असते. लिव्हर दाबली की वायर ओढली जाते आणि रबर चाकाच्या कडेला घासतं. या नव्या ब्रेकला वायरच नाही. पातळ पाइपात तेल भरलेलं असतं. लिव्हर दाबली की तेल पुढे सरकतं आणि चाकाच्या मधोमध बसवलेली पोलादी चकती दोन पॅडच्या चिमटीत सापडते. हायड्रॉलिक ब्रेक. भावजी हा शब्द कधी तोंडाने घेत नाहीत. ते 'तेलकट ब्रेक' म्हणतात, आणि म्हणताना चेहरा असा करतात की खडीसाखर म्हणून तुरटी चघळली.

"वायर तुटली तर डोळ्यांना दिसते," असं त्यांचं सुरू व्हायचं. "रस्त्यात तुटली तर कुठल्याही दुकानात मिळते. पाना घ्या, पक्कड घ्या, बसवा, चला घरी. यांचं तेल गळलं तर काय करणार? सायकल हातात धरून चालत या! आणि तेल तरी एक जातीचं आहे का? या कंपनीचं त्याला चालत नाही, त्याचं हिला चालत नाही. चुकीचं घातलं की आतली रबरं फुगली. चेनला तेल देताना एक थेंब चकतीवर उडाला की पॅड गेले कामातून. हवा शिरली तर सुया घ्या, नळ्या घ्या, डॉक्टरकी करा! सायकल आहे का पेशंट आहे?"

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, हेच तर वाईट. खोटं बोलणाऱ्याला तोंडावर पकडता येतं. अर्धं खरं बोलणाऱ्याचं काय करायचं?

वर त्यांच्याकडे पुरावाही असायचा. तेलकट ब्रेकवाला कुणी पंक्चर काढायला यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत दारात उभा. "अहो, तुमच्याकडून नेली आणि ब्रेक एकदम लिबलिबीत झाला. लिव्हर पार हँडलला टेकते." भावजींना अगदी गुदगुल्या व्हायच्या. "होणारच! बोललो नव्हतो मी? काल पंक्चर काढताना मी त्या ब्रेकला हात तरी लावला का? नाही ना? आपोआप ढिला झाला. बघा म्हणजे कसला माल आहे!" असे एक नाही, पुष्कळ आले. प्रत्येकासमोर तेच, आणि फळीला पाठ टेकून ऐकणारे चार रिकामटेकडे माना डोलवायचे.

या माणसाच्या पोटी ठकी जन्माला आली, याला म्हणतात देवाची करणी. माझी भाची. तिचं कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण लहानपणी बाहुलीसारखी दिसायची म्हणून ठकी पडलं ते पडलं. ती नर्स झाली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरोघर जायचं, त्यांना उठवायचं, पुसायचं, जखमा बांधायच्या, असं काम. सगळं गाव चढउताराचं. आमच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून जो उतार लागतो तो खाली दवाखान्याच्या भिंतीपाशी संपतो, आणि ठकीला तो रोज सकाळी उतरावाच लागतो. तिने पहिल्या पगारात सायकल घेतली. तेलकट ब्रेकची.

त्या दिवशी वर जेवायला मीही होते. भावजी ताटावर बसले ते हात न लावता.

"माझ्या दुकानाच्या डोक्यावर राहतेस आणि ही असली सायकल आणतेस? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या बाबा. दिवसभर माणसं उचलून माझ्या बोटांत जोर राहत नाही. वायरचा ब्रेक दोन्ही हातांनी आवळावा लागतो. हा एका बोटाने लागतो."

"एका बोटाने! चमचा आहे का तो?"

"आणि पावसात तुमचं रबर नुसतं घसरतं. हे घसरत नाही. पॅड झिजले तरी आपले आपण पुढे सरकतात, रोज पाना घेऊन बसायला नको."

"मग बापाला कशाला ठेवलंय दुकानात? जा, पुलापलीकडच्याकडे जा. मी त्या सायकलीला हात लावणार नाही!"

पुलापलीकडचा म्हणजे दुसरा सायकलवाला. त्याच्याकडे भिंतीला टांगून सायकल उभीच धरणारा एक लोखंडी हात आहे, ज्याला भावजी 'खाटिकखाना' म्हणतात. ठकी म्हणाली, "बरं, नका लावू," आणि जेवायला लागली. तिला बापाशी भांडताच येत नाही, ती आईवर गेली आहे. मी असते तर आमटीची वाटी तिथेच पालथी घातली असती.

पुढच्या सोमवारी ठकी उतारावर पडली. कोपऱ्यावरून वळेपर्यंत रस्ता सपाट, तिथे ब्रेक लागतच नाही. उतार सुरू झाल्यावर तिने लिव्हर दाबली तर ती हँडलला टेकली. दोन्ही. पाय घासत घासत तिने सायकल एका बागेच्या कुंपणात घातली म्हणून वाचली; सरळ गेली असती तर दवाखान्याची भिंत होती. खांद्याजवळचं हाड मोडलं, हात गळ्यात आला. डॉक्टरांना तिने सांगितलं, ओल्या पानांवरून घसरले. आईला तेच सांगितलं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा लिव्हरचं मला एकटीला सांगितलं, आणि वर म्हणाली, "मावशी, बाबांना नको सांगूस."

सांगायची गरजच पडली नाही. कुंपणातून सायकल काढायला भावजीच गेले होते आणि ढिली लिव्हर त्यांनीच दाबून पाहिली होती. मुलगी दवाखान्यातून घरी आली त्याच संध्याकाळी पडद्यापलीकडून आवाज आला:

"माझ्याच पोरीचं बघा! घरचं उदाहरण! नवी कोरी सायकल, आणि ब्रेकने दगा दिला. मी ओरडून ओरडून सांगत होतो!"

पडलो तरी नाक वर म्हणतात. इथे पडली मुलगी आणि नाक वर बापाचं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जो येईल त्याला ठकीचं हाड. मधूनमधून तिला वरून हाक मारून बोलवायचे, "ठके, दाखव गं यांना हात," आणि ती पोर खाली येऊन दाखवायची. एखाद्याने दुकानाबाहेर पाटी लावावी तशी त्यांनी आपली मुलगी लावली होती. मला इतका संताप यायचा की सुई दोनदा बोटात गेली.

आठवड्याने ठकी आईला म्हणाली, "हाड जुळलं की मी दवाखान्याच्या वसतिगृहात राहायला जाईन. तिथून उतार लागत नाही." ताई रात्रंदिवस डोळे पुसायला लागली. तिला वाटलं, पोर उताराला घाबरली. मला कळलं की ती उताराला घाबरलेली नाही.

तिचा कामावरचा पांढरा ड्रेस तिने माझ्याकडे शिवायला दिला होता. बाही खांद्यापाशी टरकली होती. देताना म्हणाली, "बाही तेवढी शीव मावशी, बाकीचं काही बघू नकोस." शिंप्याला कुणी असं सांगतं का? मी ड्रेस मशीनवर पसरला आणि उलटा केला. मागे, बसायच्या जागी, लाल डाग होता. तो डाग मी झोपेतही ओळखला असता.

म्हणजे ती सायकल सोमवारच्या आधी भावजींच्या फरशीवर पालथी पडलेली होती. हात लावणार नाही म्हणणाऱ्याने हात लावला होता. रविवारी माझं दुकान बंद असतं, मी नव्हते.

मी ड्रेस तसाच ठेवला, ठकीची सायकल घेतली आणि चालत पुलापलीकडे गेले. तो खाटिकखानावाला तिशीचा पोरगा आहे, कानात भिकबाळी, बोलायला फाजील. त्याने सायकल लोखंडी हातात उभी धरली, लिव्हर दाबली आणि हसायला लागला.

"काकू, ही उलटी ठेवली होती का खूप वेळ?"

"का?"

"पाइपात हवा आहे. लिव्हरपाशी तेलाची छोटी टाकी असते, तिच्यात कधीकधी थोडी हवा राहिलेली असते, पुष्कळ सायकलींत असते. सायकल सरळ उभी असली की ती वर टाकीत गप्प बसते, काही बिघडत नाही. उलटी केली की पाइपात शिरते. मग लिव्हर दाबली तरी तेलाऐवजी हवाच दाबली जाते. सरळ करून थोडा वेळ थांबायचं, लिव्हर दाबत राहायची, बहुतेक वेळा परत वर येते. पण एवढं थांबतंय कोण?" मग डोळा मारून म्हणाला, "तुमच्या गल्लीतून आलेल्या सगळ्या अशाच असतात. माझं घर चालतं त्यावर."

मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. म्हणजे याला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं लोकांचे ब्रेक बिघडत होते, एक जण बिघडवत होता आणि शिव्या ब्रेकला देत होता, दुसरा दुरुस्त करून खिशात टाकत होता, आणि तोंडाने सांगेल तर शपथ. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमच्या भावजींनी अंगण स्वतः वाकडं केलं होतं आणि वर गावभर बोंब मारली होती.

परत आले ती तशीच पडद्यातून आत गेले. सायकल भिंतीला लावली आणि ड्रेस त्यांच्या पान्यांच्या फळीवर टाकला, डाग वर करून. सुदैवाने गिऱ्हाईक नव्हतं.

"हे काय?"

"तुमची फरशी. रविवारी ठकीची सायकल पालथी घातली होती ना?"

त्यांनी नखाने डाग खरवडून पाहिला. मग म्हणाले, "चेन कोरडी होती तिची. नट ढिले होते. दुकानात जोडताना कुणी नीट आवळत नाही हल्ली. पोरगी रोज उतार उतरते, मी बघायचं नाही?"

"आणि सरळ कधी केलीत?"

"सोमवारी सकाळी. ती खाली यायच्या आधी. तिला कळू नये म्हणून."

"ब्रेक लावून बघितलात?"

"त्या ब्रेकला मी हात लावत नाही, तुला माहितीये!"

या एका वाक्यासाठी मी त्यांना जन्मभर माफ करणार नव्हते. सगळे नट आवळले, चेनला तेल दिलं, मुलीवर जीव टाकला, आणि जी एक गोष्ट तिला थांबवणार होती तिच्याकडे बघायचं नाही, का, तर मान खाली जाईल! पुलापलीकडच्याने सांगितलेलं मी शब्दन् शब्द ऐकवलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"तो भिकबाळीवाला मला शिकवणार?" एवढंच म्हणाले.

"तो नको. ही सायकल आहे, ही फरशी आहे. घाला पालथी, तुमच्याशी ती खरं बोलते ना?" मी म्हणाले आणि माझ्या बाजूला आले.

त्या दुपारी त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. फळीच्या एका गाठीत भोक आहे. त्यातून बघणं माझ्यासारखीला शोभत नाही, पण मी बघितलं. पुलापलीकडच्याने ब्रेक घट्ट करून दिला होता, पण टाकीतली हवा काढली नव्हती. परत गिऱ्हाईक नको का यायला. भावजींनी आधी ती लिव्हर दाबली. घट्ट. सायकल पालथी घातली, बिडी ओढली, सरळ केली, दाबली. हँडलला टेकली. मग स्टूल ओढून बसले आणि दाबत राहिले, दाबत राहिले, आणि ती हळूहळू घट्ट होत आली. पुन्हा पालथी घातली. पुन्हा तेच. अंधार पडेपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं, आणि कुठेतरी दुसरं उत्तर सापडेल अशी आशा त्यांच्या पाठीवरूनसुद्धा दिसत होती.

मला वाटलं, आता वर जातील आणि पोरीला सांगतील. छे! दुसऱ्या दिवशी फक्त भाषण बंद झालं. तिसऱ्या दिवशी फरशीवर पोतं आलं. जगात दुसऱ्या कुणाला दिसत नाही अशी कबुली द्यायची आणि आपणच खूश व्हायचं, ही पुरुषांची जुनी खोड आहे. वर ताई ठकीच्या कपड्यांच्या घड्या बॅगेत रचत होती. हाड जुळत आलं होतं. एक तोंड उघडलं असतं तर ती बॅग रिकामी झाली असती, आणि ते तोंड, जे आयुष्यभर मिटलं नाही, नेमकं आता मिटलं होतं.

रविवारी जाणार म्हणून शनिवारी ठकी मला सांगायला खाली आली. माझ्या जागेत गुंड्यांचा ढीग होता, म्हणून पडदा सारून ती पलीकडच्या स्टुलावर बसली. तेवढ्यात एक गृहस्थ आले. सायकल पाहिली तर तेलकट ब्रेकची, मागचं चाक पंक्चर. ओळखीचेच होते, ठकीचा हात बघून हसत म्हणाले, "काय हो, या ब्रेकनेच ना? तुमचं आपलं बरोबर होतं बरं का. मीही विकूनच टाकतो ही."

भावजींचे हात सवयीने पुढे गेले होते. एक सीटवर, एक हँडलवर. सायकल निम्मी उचललेली. तशीच त्यांनी खाली ठेवली.

"विकू नका," ते म्हणाले. "ब्रेक चांगला आहे."

"अहो, पण तुमच्याच मुलीला—"

"तिची सायकल मी पालथी घालून ठेवली होती. रात्रभर. तसं केलं की याच्या पाइपात हवा जाते. मला माहीत नव्हतं, आणि सरळ केल्यावर मी लावून बघितला नाही. ब्रेकने नाही पाडलं तिला. मी पाडलं."

माझी कैची हातातच राहिली. गृहस्थ इकडे तिकडे बघायला लागले, आपण इथे का आलो असं त्यांना झालं असावं.

भावजी ठकीकडे वळले, पण बघत होते पोत्याकडे. "तुला मी सांगणार होतो."

"मला माहीत होतं बाबा."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. दवाखान्यात ड्रेस बदलला तेव्हा मागे डाग होता. आणि शनिवारपर्यंत ब्रेक एका बोटाने लागत होता."

"मग बोलली का नाहीस? इतके दिवस मी तुला लोकांना दाखवत होतो, हात दाखव म्हणत होतो..."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," ठकी म्हणाली. "रोज वाटायचं, आज हाक मारतायत ती त्याच्यासाठीच."

भावजी मटकन त्या पोत्यावर बसले आणि तोंडावर दोन्ही हात घेतले, तेलाने माखलेले होते तसेच. मोठा माणूस रडायला लागला की आधी आवाज येत नाही, मग एकदम येतो. ते गृहस्थ अजून तिथेच उभे होते. मी पडदा ओढून घेतला, मशीनपाशी बसले आणि पायाने चाक जोरात फिरवलं. सुईखाली कापड नव्हतं, दोराही नव्हता. पण मशीन जुनं आहे, खडखड फार करतं, आणि त्या दिवशी मी ते बराच वेळ थांबवलं नाही.